दोन हिरव्या रंगांवरून तापमान: आमचा फायबर प्रोब घेण्याआधी एवढं वाचा

नमस्कार! गोव्यात कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे आमचं छोटं युनिट आहे, ऑप्टिकल फायबरच्या टोकावर रेअर अर्थची (यटर्बियम, अर्बियम अशा धातूंची) पावडर बसवून आम्ही टेंपरेचर प्रोब बनवतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदा लिहून काढलं, ऑर्डर द्यायच्या आधी निवांत वाचा.

पहिलं म्हणजे हा प्रोब सगळ्यांना लागत नाही. काजू फॅक्टरीतला बॉयलर, मासळीचं कोल्ड स्टोरेज, साधा ओव्हन, इथे पीटी-१०० किंवा थर्मोकपल (धातूच्या वायरीचे नेहमीचे सेन्सर) उत्तम चालतं आणि स्वस्तात पडतं, तिथे उगाच पैसे घालू नका. आमचा प्रोब लागतो तो जिथे धातूची वायर आत नेताच येत नाही तिथे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगमधे, मायक्रोवेव्ह ड्रायरमधे, इंडक्शन कॉइलच्या जवळ. अशा जागी वायर एकतर इन्सुलेशनला धोका करते नाहीतर स्वतःच तापते आणि रीडिंग भलतंच येतं. काचेच्या फायबरला यातलं काही होत नाही.

आता पावडर. सोडियम यिट्रियम फ्लोराइडचे बारीक क्रिस्टल असतात, त्यात यिट्रियमच्या जागी साधारण १८ ते २० टक्के यटर्बियम आणि २ टक्के अर्बियम घातलेलं असतं. फायबरमधून ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड लेझर जातो, यटर्बियम तो शोषून घेतं आणि शेजारच्या अर्बियमला एनर्जी देतं, एकदा देतं, परत एकदा देतं, आणि दोन वेळची मिळून अर्बियम हिरवं चमकतं. डोळ्याला न दिसणारा उजेड आत गेला आणि हिरवा बाहेर आला, पहिल्यांदा बघणारा प्रत्येकजण दोन मिनिटं बघतच राहतो.

खरी गंमत पुढे आहे. तो हिरवा एक नाही, दोन आहेत, एक ५२५ नॅनोमीटरच्या आसपास आणि दुसरा ५४५ च्या आसपास, कारण अर्बियमच्या दोन एनर्जी लेव्हल अगदी जवळजवळ आहेत, एक जरा वर, एक खाली. गार असताना बहुतेक अर्बियम खालच्या लेव्हलवर असतं, तापमान वाढलं की जास्त जास्त वर चढतं, म्हणून ५२५ वाला वाढतो. आम्ही या दोघांचं गुणोत्तर मोजतो, एकूण उजेड किती ते बघत नाही. ३० डिग्रीवरून ९० वर गेलात तर हे गुणोत्तर साधारण पावणेदोन पट होतं. फायबर वाकला, लेझर जुना होऊन मंद झाला, कनेक्टर थोडा सैल बसला, तरी दोन्ही हिरवे जवळपास सारखेच कमी होतात आणि गुणोत्तर जागच्या जागी राहतं. या टेक्निकचा सगळा जीव यातच आहे आणि म्हणूनच आम्ही याच्या मागे लागलो.

पण एक गोष्ट सेल्सवाले सांगत नाहीत ती आम्ही सांगतो. खोलीच्या तापमानाला दर डिग्रीला गुणोत्तर साधारण १ टक्का बदलतं, २०० डिग्रीवर तोच बदल अर्ध्याहून कमी होतो. म्हणजे मोजण्यात अर्धा टक्का चूक झाली तर इथे अर्धी डिग्री चुकेल आणि तिथे एक डिग्री. सगळ्या रेंजमधे एकच अचूकता लिहिलेली दिसली की कुठल्या तापमानाला मोजली ते जरूर विचारा, आम्हालाही विचारा.

दुसरं लेझरचं. पॉवर वाढवली की सिग्नल मस्त येतो, पण पावडर त्या लेझरनेच तापते आणि तुम्ही तुमच्या मालाचं नाही तर पावडरीचं तापमान मोजत बसता. म्हणून आम्ही पॉवर कमी ठेवतो आणि लेझर सतत न सोडता छोट्या पल्समधे सोडतो, सेटिंगमधे जाऊन ते बदलू नका. आणि लेझर चालू असताना कनेक्टर उघडून टोकाकडे अजिबात बघू नका, हा उजेड दिसत नाही त्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही आणि इजा कायमची होऊ शकते.

आपल्याकडचा पाऊस आणि खारी हवा, हा वेगळाच विषय. पावडरीत ओल शिरली की चमक कमी होते, म्हणून टोक सील केलेलं असतं, ते खरवडू नका. प्रोब काढून ठेवताना कनेक्टरला टोपी घाला आणि डबीत सिलिका जेल टाका, नाहीतर चवथीपर्यंत लेन्सवर बुरशी धरलेली दिसेल.

किती डिग्रीपर्यंत चालतो असं सगळेच विचारतात. क्रिस्टल बरंच सोसतं, आधी हात टेकतं ते फायबरचं कोटिंग आणि टोकाचा गोंद. साधं अ‍ॅक्रिलेट कोटिंग साधारण ८५ डिग्रीपर्यंत, पॉलिइमाइड ३०० च्या आसपास, त्यामुळे तुमची सगळ्यात जास्त डिग्री आधीच सांगा.

रेअर अर्थ म्हटल्यावर रेडिओअ‍ॅक्टिव्ह आहे का, हाही प्रश्न येतो. केरळ किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत जो मोनाझाइट (रेअर अर्थ ज्यातून काढतात ते खनिज) असतो त्यात किरणोत्सारी थोरियम असतं, खरं आहे, पण आम्ही वापरतो ते शुद्ध केलेलं यटर्बियम आणि अर्बियम, त्यात थोरियम नसतं, निर्धास्त रहा.

प्रत्येक प्रोब बर्फाच्या पाण्यात आणि मग गरम ऑइल बाथमधे रेफरन्स थर्मामीटरशी जुळवून त्याच्या कॅलिब्रेशनच्या कागदासकट देतो. प्रोब आणि बॉक्सची (लेझर सोडून उजेड मोजणारं यंत्र) जोडी ठरलेली असते, एकाचा प्रोब दुसऱ्याच्या बॉक्सला लावला तर आकडे जुळणार नाहीत. चौकशी करताना किमान आणि कमाल तापमान, फायबर किती मीटर हवा, आणि टोक तेलात, हवेत की पावडरीत बुडणार एवढं लिहून पाठवा, जागेचा फोटो असला तर फारच बरं.