मोरिओरी आणि माओरी यांच्या उगमाविषयीच्या दंतकथा

न्यूझीलंडमध्ये माओरींच्या आधी मोरिओरी नावाचे काळे, मागासलेले लोक राहत होते. माओरींनी येऊन त्यांना कापून काढले, उरलेसुरले चॅटम बेटांवर पळाले आणि तिथेच त्यांचा वंश बुडाला. ही कथा विसाव्या शतकातला बराच काळ न्यूझीलंडच्या शाळांतून शिकवली गेली आणि आजही तिथल्या गप्पांत, वादावादीत डोके वर काढते. तिच्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे. मोरिओरी हे माओरींचेच भाऊबंद, दोघेही पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर पसरलेल्या एकाच दर्यावर्दी समाजातले. न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवर मोरिओरी नावाचा वेगळा समाज कधी नव्हता. त्यांचा वंशही बुडालेला नाही. चॅटम बेटांवर त्यांची कत्तल झाली हे मात्र खरे. पण ती १८३५ सालची गोष्ट आहे, पुराणकाळातली नव्हे. या एका खऱ्या घटनेला टेकूनच बाकीची भाकडकथा इतकी वर्षे उभी राहिली.

नाव आणि भाषा

माओरी भाषेत ‘माओरी’ म्हणजे साधा, नेहमीचा. गोरे लोक दिसू लागल्यावर ‘आम्ही आपली साधी माणसे’ या अर्थाने तो शब्द समाजाचे नाव बनला. ‘मोरिओरी’ हे त्याच शब्दाचे चॅटम बेटांवरचे रूप. दोन्ही भाषा किती जवळच्या आहेत हे एका जोडीवरून कळते. भूमिपुत्राला माओरीत ‘तांगाता फेनुआ’ म्हणतात, मोरिओरीत ‘चाकात हेनु’. शेवटचा स्वर गिळायचा आणि ‘त’चा ‘च’ करायचा, ही मोरिओरी बोलण्याची लकब. दुसऱ्याच वंशाच्या लोकांची भाषा अशी शब्दाला शब्द जुळली नसती.

माणसे आली कधी आणि कुठून

न्यूझीलंड ही माणसाने वसवलेली जगातली जवळजवळ शेवटची मोठी भूमी. पूर्व पॉलिनेशियातून, म्हणजे सोसायटी, कुक वगैरे बेटांच्या टापूतून, दर्यावर्दी लोक साधारण तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे पोचले. या कालनिश्चितीत मोलाची साक्ष दिली ती उंदरांनी. किओरे नावाचा पॅसिफिक उंदीर माणसांच्या होड्यांतूनच बेटांवर पोचू शकतो, त्याला पोहून समुद्र ओलांडता येत नाही. त्याने कुरतडलेल्या जुन्या बिया चिखलात आणि दलदलीत टिकून राहिल्या होत्या. शास्त्रज्ञ जॅनेट विल्मशर्स्ट आणि सहकाऱ्यांनी त्यांची कार्बन तपासणी करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडला: कुरतडल्याच्या खुणा साधारण १२८० पासून पुढच्याच आहेत. त्याआधी हजार-दीड हजार वर्षे कोणी ‘आद्य’ लोक तिथे राहत असते, तर त्यांच्या चुली, कचऱ्याचे ढीग, जळलेल्या जंगलाची राख यांतले काहीतरी सापडायला हवे होते. ते सापडत नाही.

आणखी एक साक्ष जिवंत माणसाची आहे. ऑक्टोबर १७६९ मध्ये जेम्स कुकचे जहाज न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्याला लागले तेव्हा त्यावर सोसायटी बेटांपैकी राइआतेआचा पुरोहित आणि वाटाड्या तुपाइआ होता. त्याने आपल्या बोलीत हाक मारली आणि किनाऱ्यावरच्या माओरींना ती समजली. दोघांच्या मध्ये हजारो किलोमीटर समुद्र आणि कित्येक पिढ्यांचे अंतर होते.

चॅटम बेटे न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर आहेत. (तिथले घड्याळही न्यूझीलंडच्या पाऊण तास पुढे असते.) मुख्य बेटाला मोरिओरी ‘रेकोहु’ म्हणतात, तर माओरी ‘फारेकाउरी’. इथे वस्ती झाली ती साधारण १५०० च्या सुमारास, आणि तीही न्यूझीलंडहून गेलेल्या लोकांची असे बहुतेक अभ्यासक मानतात. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाजवळच्या तुहुआ बेटावरची काळी ज्वालामुखी काच चॅटमच्या जुन्या वस्त्यांत सापडते. तिथले ‘कोपी’ हे झाड म्हणजे न्यूझीलंडचे ‘काराका’, तेही माणसांनीच नेऊन लावलेले. याच कोपीच्या सालीवर मोरिओरी माणसांच्या आकृत्या कोरत. त्यातल्या काही आजही दिसतात.

पुढे हे लोक बदलले ते बेटाने बदलवले म्हणून. थंडी-वाऱ्यात रताळे पिकेना, तेव्हा शेती सुटली. मोठ्या होड्या कोरण्याजोगी झाडे नव्हती, म्हणून फ्लॅक्स या लांब पात्यांच्या झुडपाचे दांडे बांधून आणि तरंगण्यासाठी समुद्रशेवाळाचे फुगवलेले तुकडे घालून ते पाणी आत-बाहेर खेळणारी होडी बनवत आणि तीतून दूरच्या खडकांवर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्ले पकडायला जात. सील, मासे, पक्षी यांवर गुजराण. लागवडीच्या जागी वेचणे आणि शिकार आली याचाच अर्थ पुढच्या काळात ‘मागासलेपणा’ असा लावला गेला.

सुरुवातीच्या रक्तरंजित भांडणांनंतर नुनुकु-फेनुआ या पूर्वजाने माणूस मारण्यावर बंदी घातली. तंटा झालाच तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने लढायचे आणि रक्ताचा पहिला थेंब दिसताच थांबायचे. हा नियम शेकडो वर्षे पाळला गेला.

१८३५

नोव्हेंबर १७९१ मध्ये विल्यम ब्रॉटनचे ‘चॅटम’ हे ब्रिटिश जहाज तिथे आले. बेटांना नाव पडले ते त्यावरून. त्याच भेटीत चकमक होऊन तामाकारोरो नावाचा एक मोरिओरी गोळीने मेला. मागोमाग सीलची शिकार करणारे, देवमाशांवरचे खलाशी आणि त्यांचे रोग आले.

न्यूझीलंडमध्ये तेव्हा बंदुकांच्या जोरावर टोळ्या-टोळ्यांची युद्धे पेटली होती. तारानाकी भागातून हुसकावल्या गेलेल्या न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा या टोळ्या आजच्या वेलिंग्टनच्या बंदराजवळ येऊन राहिल्या होत्या. खलाशांकडून त्यांना चॅटमबद्दल कळले: अन्न भरपूर, लोक लढत नाहीत. १८३५ च्या अखेरीस त्यांनी ‘रॉडनी’ हे शिडाचे जहाज ताब्यात घेतले आणि दोन खेपांत सुमारे ९०० जण बंदुका, कुऱ्हाडींसह चॅटमला उतरले. प्रवासाने बेजार झालेल्या पाहुण्यांची शुश्रूषा मोरिओरींनीच केली.

नव्याने आलेले लोक जमिनीवरून चालत जाऊन ती आपली म्हणून ठरवू लागले, तेव्हा ‘ते आवापातिकी’ या ठिकाणी मोरिओरींची सभा भरली. संख्येने आपण जास्त आहोत, लढू या, असे तरुणांचे म्हणणे होते. वडीलधाऱ्यांनी नुनुकुचा नियम मोडायला नकार दिला. सुमारे ३०० जण मारले गेले, बाकीचे गुलाम झाले. त्यांना आपसांत लग्ने करायला आणि आपली भाषा बोलायलाही मनाई झाली. ब्रिटिश राजवटीने १८४२ मध्ये ही बेटे न्यूझीलंडला जोडली, पण गुलामी १८६३ पर्यंत चालूच राहिली. १८६२ च्या मोजणीत फक्त १०१ मोरिओरी उरले होते. १८७० मध्ये जमिनीच्या न्यायालयाने जिंकणाऱ्यांचा हक्क मान्य करून ९७ टक्क्यांहून अधिक जमीन न्गाती मुतुंगाला दिली. मोरिओरींच्या वाट्याला २.७ टक्के आली.

या घटनेत जबाबदार कोण ते स्पष्ट आहे: दोन विशिष्ट टोळ्या, एका विशिष्ट वर्षी, युरोपीय जहाजातून जाऊन, युरोपीय बंदुकांनी. ‘माओरींनी मोरिओरींना संपवले’ या लोकप्रिय वाक्यात यातले काहीच उरत नाही.

दंतकथा रचली कोणी

तिचे मुख्य कारागीर म्हणजे सर्वेक्षण खात्यातले पर्सी स्मिथ आणि वांशिक अभ्यासक एल्सडन बेस्ट. स्मिथ हे १८९२ मध्ये स्थापन झालेल्या पॉलिनेशियन सोसायटीचे एक संस्थापक. होआनी ते फाताहोरो या माओरी लेखनिकाने उतरवून घेतलेल्या परंपरांच्या हस्तलिखितांवरून त्यांनी १९१३ आणि १९१५ मध्ये दोन खंड काढले. त्यांत माओरींच्या आधी आलेल्या काळ्या, चपट्या नाकाच्या, आळशी लोकांचे वर्णन होते. बेस्ट यांनी त्यांना ‘मारुइवी’ म्हटले, मेलनेशियन, म्हणजे न्यू गिनी वगैरे बेटांवरच्या काळ्या लोकांपैकी, ठरवले आणि मोरिओरी त्यांचेच वंशज असा निष्कर्ष काढला. १९१६ मध्ये ही कथा शाळकरी मुलांच्या ‘स्कूल जर्नल’मध्ये आली. तिथून ती हटवणे किती अवघड होते ते पुढे दिसले: १९२३ मध्ये ओटागोचे मानववंशशास्त्रज्ञ हेन्री स्किनर यांनी मोरिओरींची हत्यारे, अलंकार आणि भाषा तपासून ते पॉलिनेशियन असल्याचे दाखवून दिले. अभ्यासकांनी ते मानले, वर्गातल्या फळ्यावर मात्र जुनीच कथा राहिली.

कथेचा उपयोग उघड होता. माओरींनी आधीच्या लोकांना हुसकावले असेल, तर ब्रिटिशांनी माओरींची जमीन घेतली यात वावगे ते काय? बलवान येतो, दुर्बळ जातो, निसर्गाचा नियमच आहे, अशी शांत झोप लागण्याची ही सोय होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस वैतांगी कराराखालचे (माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला १८४० चा करार) माओरींचे दावे पुढे आले तेव्हा तिचे पुन्हा एकदा स्मरण झाले, ते याच कारणाने.

सात होड्यांचा ताफा

माओरींविषयीची जोडकथाही स्मिथ यांचीच. कुपे नावाच्या दर्यावर्द्याने ९२५ मध्ये न्यूझीलंड शोधले, ११५० च्या सुमारास तोइ हा दुसरा दर्यावर्दी आला आणि १३५० मध्ये ताइनुइ, ते आरावा, माताअतुआ, कुराहाउपो, तोकोमारु, आओतेआ आणि ताकितिमु या सात होड्यांचा ‘महान ताफा’ एकदमच निघाला, असे त्यांनी मांडले. वेगवेगळ्या टोळ्यांच्या वंशावळी एकत्र करून, पिढ्यांची सरासरी काढून या तारखा बसवल्या होत्या. १९७६ मध्ये अभ्यासक डेव्हिड सिमन्स यांनी मूळ साधने तपासून हा साचा मोडून काढला. होड्यांच्या आठवणी मात्र खोट्या नाहीत. आजही माओरी माणूस स्वतःची ओळख सांगताना डोंगर, नदी आणि होडी यांची नावे घेतो. प्रत्येक टोळीची आपली होडी, आपली हकिगत. त्यांना एकाच दिवशी एका रांगेत उभे केले ते स्मिथ यांनी.

‘आर्य’ माओरी आणि तामिळ घंटा

भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल असा एक प्रकार म्हणजे एडवर्ड ट्रेगियर यांचे १८८५ चे ‘द आर्यन माओरी’ हे पुस्तक. भारतात आर्यांच्या आगमनावरून वाद रंगत होते त्याच दशकांत हे गृहस्थ माओरी शब्दांत संस्कृत शोधत होते. न्यूझीलंडला गाय नव्हतीच, तरी ‘गो’ची स्मृती माओरी शब्दांत लपली आहे असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी आर्थर अ‍ॅटकिन्सन यांनी त्यांचीच पद्धत वापरून माओरीला ‘आर्य-सेमिटिक’ ठरवणारे विडंबन लिहिले. शब्दांचा नुसता उच्चार जुळवत गेले तर काय वाट्टेल ते सिद्ध होते, हे त्याहून बरे कोणी दाखवले नाही.

भारताशी जोडणारा एक पुरावा मात्र खरोखर हातात धरता येतो. १८३६ मध्ये मिशनरी विल्यम कोलेन्सो यांना उत्तर बेटावर माओरी एका ब्राँझच्या भांड्यात बटाटे शिजवताना दिसले. ते भांडे म्हणजे जहाजावरच्या घंटेचा फुटका भाग होता. कोलेन्सोंनी लोखंडी भांडे देऊन तो घेतला. त्यावर तामिळ अक्षरांत मोहिदीन बख्श याच्या जहाजाची घंटा असा मजकूर आहे. हा तुकडा आज वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. त्यावरून तामिळ वसाहतीपर्यंत उड्या मारणारे बरेच झाले. पण घंटा वाहत्या जहाजाबरोबर येऊ शकते, व्यापारात हात बदलू शकते. एक घंटा म्हणजे वसाहत नव्हे.

१९९६ मध्ये ताउपो सरोवराजवळच्या काइमानावा डोंगरातल्या चौकोनी खडकांना ‘माओरीपूर्व संस्कृतीची भिंत’ म्हटले गेले. भूशास्त्रज्ञांनी पाहिले तर तो सुमारे ३,३०,००० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी राखेचा, थंड होताना भेगाळलेला खडक निघाला. याच्यासारखेच केल्ट लोक, गोरे आद्यवासी वगैरे दावे आहेत. त्यांच्यासाठी वेगळी जागा अडवण्याची गरज नाही.

‘शेवटचा मोरिओरी’

टॉमी सॉलोमन १९ मार्च १९३३ रोजी वारले आणि ‘शेवटचा शुद्ध रक्ताचा मोरिओरी गेला’ अशी नोंद झाली. ‘शुद्ध रक्त’ ही मोजपट्टी मुळात मोरिओरींची नव्हेच. सॉलोमन यांना मुले होती, नातवंडे झाली. त्यांच्या एका नातवाने, वकील माउइ सॉलोमन यांनी, मोरिओरींच्या हक्कांची बाजू अनेक वर्षे लढवली. वैतांगी करारावरचे दावे ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणाने २००१ च्या अहवालात मोरिओरींना चॅटम बेटांचे मूळ रहिवासी मानले. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने त्यांच्याशी करारावर सही केली आणि २०२१ मध्ये त्याचा कायदा झाला. १.८ कोटी न्यूझीलंड डॉलरची भरपाई त्यात आहेच; शिवाय सरकारच्या चुका मान्य करणारा इतिहासही त्याच कागदपत्रांत आहे, आणि शाळेत शिकवलेली दंतकथा मोरिओरींना कलंकित करत गेली हेही त्यात येते.

करारावर सह्या झाल्या त्या कोपिंगा येथील मोरिओरी सभागृहात, जे २००५ मध्ये उघडले. १८६२ मध्ये मोरिओरी वडीलधाऱ्यांनी १८३५ साली हयात असलेल्या आपल्या माणसांची नावे आठवून आठवून लिहिली होती, कोण मारला गेला त्याची खूण करून. ती यादी त्यांनी गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांना पाठवली होती. सभागृहाच्या मधल्या खांबावर त्याच काळातली १,६०० हून अधिक नावे कोरलेली आहेत.