घरच्या मैदानाचे दोन गुण

१९७२ च्या मोसमात मायामी डॉल्फिन्सनी साखळीतले चौदाच्या चौदा सामने जिंकले. तरीही सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, आधीचा सामना खेळायला त्यांनाच पिट्सबर्गला जावं लागलं, तीन सामने हरलेल्या संघाच्या दारात. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा तेव्हा नियमच तसा होता. बाद फेरीत यजमान कोण, हे गटांच्या ठरलेल्या पाळीवर अवलंबून असे. कोण किती सामने जिंकलं याच्याशी त्याचा संबंध नसे. मायामीने तो सामना २१-१७ असा काढला आणि पुढे सुपर बोलही जिंकला. १९७५ पासून लीगने ही पाळी बंद केली आणि घरचं मैदान हे साखळीतल्या कामगिरीचं बक्षीस ठरवलं.

आपल्या आयपीएलमध्ये गुणतक्त्यात वर राहिलेल्या दोन संघांना बाद फेरीत हरल्यावर आणखी एक संधी मिळते, मैदान मात्र आधीच ठरलेलं असतं. एनएफएलमध्ये दुसरी संधी कुणालाच नाही. एक सामना हरला की मोसम संपला. त्यामुळे तिथे संघ डिसेंबरभर जिवाचं रान करतात ते घरच्या मैदानासाठी. पण या बक्षिसाची खरी किंमत किती?

वरवर पाहिलं तर बरीच. एनएफएलच्या बाद फेरीत यजमान संघ साधारण तीनपैकी दोन सामने जिंकत आले आहेत. साखळीत हेच प्रमाण कित्येक दशकं ५७ टक्क्यांच्या आसपास होतं. मग बाद फेरीत प्रेक्षक जास्त पेटतात आणि घरच्या संघाला जास्त बळ देतात, असं म्हणायचं का? समालोचक म्हणतात खरं. पण १९७५ नंतर यजमानपद मिळतं तेच मुळात जास्त सामने जिंकलेल्या संघाला. हुशार मुलांना पहिल्या बाकावर बसवायचं आणि मग पहिल्या बाकामुळे गुण वाढतात असा निष्कर्ष काढायचा, त्यातलाच हा प्रकार.

मैदान आणि ताकद वेगळी करायला थोडा हिशेब करू. एनएफएलच्या सामन्यात तज्ज्ञांनी सांगितलेला गुणफरक आणि प्रत्यक्षातला गुणफरक यांच्यातल्या तफावतीचं प्रमाण विचलन, म्हणजे अंदाज किती चुकतो याचं माप, साधारण १३ ते १४ गुण असतं. म्हणजे हा खेळ बराच बेभरवशाचा आहे. अमेरिकेतले बुकी घरच्या मैदानाची किंमत पूर्वी तीन गुण धरत. अलीकडे ती दोनच्या आसपास, कधी त्याहूनही खाली आली आहे. दोनच गुण धरू. दोन तुल्यबळ संघांत यजमानाची जिंकण्याची शक्यता मग ५० वरून ५६ टक्क्यांवर जाते. आता यजमान मुळातच चार गुणांनी सरस आहे असं समजा. त्रयस्थ मैदानावरही तो ६२ टक्के वेळा जिंकेल आणि घरी ६७ टक्के वेळा. तीनपैकी दोन! म्हणजे बाद फेरीतला तो डोळ्यांत भरणारा आकडा समजावून सांगायला प्रेक्षकांच्या कुठल्याही खास जादूची गरज पडत नाही. पन्नासच्या वरच्या सतरा टक्क्यांपैकी बारा ताकदीचे, मैदानाचे जेमतेम पाच.

खरी कसोटी लागते ती कमकुवत संघ यजमान असताना. एनएफएलमध्ये गटविजेत्याला बाद फेरीचा पहिला सामना घरीच मिळतो, मग त्याचा गट कितीही सुमार असो. २०२४ च्या मोसमापर्यंत जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त असलेल्या चार संघांना असं यजमानपद मिळालं. २०१० च्या मोसमात सिॲटल आणि २०१४ मध्ये कॅरोलायना जिंकले. २०२० मध्ये वॉशिंग्टन आणि २०२२ मध्ये टँपा बे हरले. यांतला सिॲटलचा सामना तर दंतकथा झाला आहे. नऊ सामने हरलेल्या या संघाने आदल्या वर्षीच्या विजेत्या न्यू ऑर्लिन्सला ४१-३६ असं हरवलं आणि मार्शॉन लिंचच्या ६७ यार्डांच्या धावेवर प्रेक्षकांनी असा काही थयथयाट केला की जवळच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. गोष्ट झकास आहे, पण चार सामन्यांवरून काही सिद्ध होत नाही. बाद फेरीची अडचणच ही. सुपर बोल त्रयस्थ मैदानावर होतो, तो वगळला तर वर्षाला सामने उरतात बारा. दहा वर्षांचे १२० गोळा केले तरी टक्केवारीत नऊ-एक टक्के इकडेतिकडे निव्वळ योगायोगाने होऊ शकतात. ५६ की ६०, हे त्यातून कळायचं नाही.

मग हे दोन गुण येतात कुठून? अमेरिकन फुटबॉलमध्ये गोंगाटाचं काम अगदी यांत्रिक आहे. चेंडू कोणत्या हाकेवर हलणार हे क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार खेळाडू, ओरडून सांगतो. प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर येतो, पण तो चढाई करणाऱ्या अकरांपैकी त्याच्या एकट्याच्याच कानात. उरलेल्या दहांपर्यंत पोचायला घसाच वापरावा लागतो. कॅन्सस सिटीच्या मैदानावर २०१४ मध्ये १४२.२ डेसिबलचा विक्रम नोंदवला गेला. अशा कोलाहलात पाहुण्यांच्या आघाडीच्या फळीला हाक ऐकू येत नाही. खेळाडू क्षणभर उशिरा उठतात, किंवा आधीच हलून पाच यार्डांचा दंड ओढवून घेतात. यजमानांच्या हाती चेंडू आला की हेच प्रेक्षक चिडीचूप होतात. पाहुण्यांनी यावर खुणांची मूक मोजणी बसवली आहे. माझ्या मते घरच्या मैदानाचा भाव उतरण्यात या सरावाचा वाटा असावा.

दुसरं कारण पंच. याचा भक्कम पुरावा आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळातून आला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ४० पंचांना तेच ४७ टॅकल दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. यात लबाडी कुणाचीच नव्हती. शंकेच्या क्षणी मन गर्दीकडे झुकतं, इतकंच.

थंडीचं प्रस्थ मात्र मला फुगवलेलं वाटतं. ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर १९६७ च्या ३१ डिसेंबरला उणे २५ अंश सेल्सिअसमध्ये डॅलसचा पराभव झाला, तेव्हापासून ‘लॅम्बोची थंडी’ हा जणू बारावा खेळाडू. जानेवारी २००३ पर्यंत ग्रीन बे तिथे बाद फेरीत एकदाही हरला नव्हता. त्या महिन्यात छताखालच्या मैदानावर खेळायची सवय असलेल्या अटलांटाने त्यांना हरवलं आणि २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा बेने.

टँपाने त्या, म्हणजे २०२० च्या, मोसमात सुपर बोलआधीचे तिन्ही सामने परमुलखात जिंकले. पण ते कोविडचं वर्ष होतं. मैदानं रिकामी किंवा अर्धवट भरलेली, आणि साखळीत यजमानांचे विजय १२७, पराभव १२८, बरोबरी एक. प्रेक्षक गेले, फायदा गेला, असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. पण आदल्या वर्षी मैदानं भरलेली असतानाही यजमान ५२ टक्क्यांच्या आसपासच जिंकले होते. म्हणजे उतरण आधीच लागली होती.

तरीही दोन गुण क्षुल्लक नाहीत, कारण बाद फेरीत शक्यतांचा गुणाकार होतो. सगळे संघ तुल्यबळ धरले, तर ओळीने तीन सामने घरी जिंकण्याची शक्यता सुमारे साडेसतरा टक्के आणि बाहेर जिंकण्याची साडेआठ. थेट दुप्पट. अव्वल मानांकित संघाला तर पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते, त्याला दोनच जिंकायचे. शक्यता ३१ टक्के! मैदानापेक्षा ही सुट्टीच जास्त मोलाची आहे.

२०२० पासून लीगने बाद फेरीतले संघ बारावरून चौदा केले आणि लीगच्या दोन्ही विभागांतल्या दुसऱ्या मानांकिताची पुढे चाल काढून घेतली. त्याला बदल्यात घरच्या मैदानावर सातव्या मानांकिताशी एक जादा सामना मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये डॅलस असाच दुसरा मानांकित होता आणि घरच्या मैदानावर सलग सोळा सामने जिंकून आला होता. ग्रीन बेने त्याला तिथेच ४८-३२ ने हरवलं.