'पुढे काहीतरी करेल' म्हणून तुरुंगात: विनाखटला स्थानबद्धतेची दोनशे वर्षं

पेपरात अधूनमधून एक छोटी बातमी असते, अमुक एका सराईताला एमपीडीए या महाराष्ट्राच्या प्रतिबंधक कायद्याखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध केलं, रवानगी येरवड्याला. आपण वाचतो आणि पुढे जातो, बरं झालं एक गुंड आत गेला असंही वाटतं आणि ते साहजिक आहे. पण त्या बातमीतला 'स्थानबद्ध' हा शब्द आणि 'अटक' हा शब्द यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अटक होते केलेल्या गुन्ह्यासाठी, मग चोवीस तासात मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, वकील येतो, जामिनाचा अर्ज होतो, चार्जशीट, साक्षीपुरावे आणि शेवटी निकाल. स्थानबद्धता होते पुढे काहीतरी करेल म्हणून. तिथे सिद्ध काहीच करायचं नसतं, कारण ज्याची भीती आहे ती गोष्ट अजून घडलेलीच नसते. कलेक्टर किंवा पोलिस कमिशनर यांची 'खात्री पटली' एवढं कागदावर आलं की माणूस आत. ती खात्री बरोबर होती का यात कोर्ट सहसा शिरत नाही, कारणं वेळेत कळवली का, कागदपत्रं दिली का, ऑर्डर नीट विचार करून काढली का एवढंच बघतं.

हे सगळं आलं कुठून? तर ईस्ट इंडिया कंपनीकडून. १८१८ साली बंगालमध्ये तिसरं रेग्युलेशन आलं आणि त्याच्या प्रस्तावनेतच स्पष्ट लिहिलं होतं की ज्यांच्यावर खटला चालवायला पुरेसा आधार नाही अशांनाही राज्याच्या कारणासाठी अडकवून ठेवता येईल. म्हणजे पुरावा नाही हे कबूल करूनच कायदा केला. इंग्लंडमध्ये तेव्हा हेबियस कॉर्पसचा कायदा होऊन जवळजवळ दीड शतक होत आलं होतं, १६७९ चा तो कायदा, माणसाला कोर्टापुढे हजर करा आणि कुठल्या अधिकारानं धरलं ते सांगा असं म्हणणारा. स्वतःच्या देशात ज्या गोष्टीचा एवढा अभिमान, ती इथल्या लोकांना नको असं ठरलं. आपल्या मुंबई इलाख्यात हाच अधिकार १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशननं आला, आणि हा आकडा लक्षात ठेवा कारण तो पुढे परत येणार आहे.

१८९७ चं पुणं. प्लेगचा धुमाकूळ, रँडची माणसं घरात घुसून तपासण्या करतायत, लोक संतापलेले. बळवंतराव आणि हरी रामचंद्र नातू हे पुण्यातले सरदार घराण्यातले भाऊ, त्यांनी या तपासण्यांबद्दल तक्रारी केल्या होत्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या महिन्यात नातू बंधूंना उचललं, त्याच १८२७ च्या रेग्युलेशनखाली. आरोप काय? कुठलाच नाही. मिळकतीवरही टाच आली. त्याच उन्हाळ्यात टिळकांनाही धरलं, पण त्यांच्यावर राजद्रोहाचा रीतसर खटला चालला आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. टिळक १८९८ च्या सप्टेंबरात सुटले. नातू बंधू सुटले १८९९ मध्ये. शिक्षा झालेला माणूस आधी बाहेर आला आणि ज्यांच्यावर साधा आरोपसुद्धा नव्हता ते नंतर! विनाखटला कैदेत नेमकं वाईट काय असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो, कारण शिक्षेला निदान शेवटची तारीख असते.

पुढे १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना १८१८ च्या रेग्युलेशनखाली मंडालेला नेलं, खटला नाही, सहा महिन्यांनी तसंच सोडून दिलं. १९१५ साली महायुद्धाच्या नावाखाली भारत संरक्षण कायदा आला, त्यात १९१७ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनाही उटीला अडकवून ठेवलं. युद्ध संपलं की हे अधिकार जायला हवे होते, पण सरकारला ते सोडवेनात म्हणून १९१९ चा रौलेट कायदा. ना वकील, ना दलील, ना अपील ही घोषणा आपण शाळेत शिकलोय. पण एक गोष्ट पुस्तकात पटकन निसटते, अमृतसरमध्ये १० एप्रिलला लोक रस्त्यावर आले ते डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल या दोन पुढाऱ्यांना गुपचूप शहराबाहेर नेलं म्हणून, त्यांना सोडा हे सांगायला लोक निघाले होते आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, तिथून तीन दिवसांनी जालियनवाला बाग. म्हणजे त्या हत्याकांडाच्या आधीची पायरीसुद्धा विनाखटला हद्दपारीचीच होती.

आणि आता तो आकडा. १९२२ साली गांधीजींवर अहमदाबादेत खटला चालला होता, तिथे त्यांनी कोर्टातच निवेदन वाचलं, सगळ्या जगात गाजलं. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाल्यावर मे महिन्यात त्यांना मध्यरात्री कराडीच्या मुक्कामातून उचलून येरवड्याला नेलं, कशाखाली? १८२७ चं पंचविसावं रेग्युलेशन. शंभर वर्षांपूर्वीचा कंपनीच्या काळातला कागद. मिठाचा कायदा मोडलाय हे ते स्वतः ओरडून सांगत होते, साधी केस करता आली असती, पण केस म्हटलं की कोर्ट आलं आणि कोर्ट म्हटलं की बोलायची संधी आली, मला वाटतं सरकारला तीच नको होती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तर सगळीच काँग्रेस आत गेली, नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात, गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. कुणावरच खटला नाही. महादेवभाई देसाई तिथेच गेले, कस्तुरबा तिथेच गेल्या, २२ फेब्रुवारी १९४४ ला, स्थानबद्ध असतानाच.

त्याच काळातली केशव तळपदे यांची केस फारशी कुणाला माहीत नसते. १९४३ च्या एप्रिलमध्ये फेडरल कोर्टानं त्यांच्या प्रकरणात सांगितलं की भारत संरक्षण नियमांमधला २६ नंबरचा नियम, ज्याच्याखाली हजारो लोक आत होते, तो मुळात कायद्याच्या चौकटीतच बसत नाही. ब्रिटिश सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांचं कोर्ट होतं ते! आठवड्याभरात सरकारनं वटहुकूम काढला, नियम पहिल्यापासूनच कायदेशीर होता असं जाहीर केलं आणि लोक होते तिथेच राहिले.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे, परके सरकार आणि आपले लोक. मला जास्त अस्वस्थ करतं ते यापुढचं.

घटना तयार होत होती तेव्हा घटना समितीत बसलेले कितीतरी जण स्वतः वर्षानुवर्षं विनाखटला आत राहून आलेले होते. तरीही आपल्या घटनेच्या २२ व्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धता आहे, तीही मूलभूत हक्कांच्या भागात, आणि युद्ध नसतानाही वापरता येईल अशी. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी हे कलम मांडलं तेव्हा त्यांची भूमिका अशी होती की आधीच्या कलमातून 'ड्यू प्रोसेस', म्हणजे न्याय्य प्रक्रियेची हमी, गेलं त्याची थोडी भरपाई म्हणून निदान काही किमान संरक्षण लिहून ठेवावं, चोवीस तासात मॅजिस्ट्रेट, वकिलाचा हक्क, आणि स्थानबद्धाला तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळाची संमती. पण चोवीस तास आणि वकील हे दोन्ही हक्क स्थानबद्धाला लागू नाहीत हेही त्याच कलमात आहे. बक्षी टेकचंद यांनी कडाडून टीका केली. महावीर त्यागी म्हणाले की मसुदा समितीच्या सदस्यांनी आधी तुरुंगाचा अनुभव घ्यायला हवा होता. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता, त्यामुळे त्या लोकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण भीतीच्या काळात लिहिलेलं वाक्य शांततेच्या काळातही तसंच राहतं.

फेब्रुवारी १९५० मध्ये, घटना लागू होऊन जेमतेम महिना झालेला, सरदार पटेलांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आणला. या बिलापायी आपल्याला झोप लागली नाही असं त्यांनी संसदेत सांगितलं, आणि मला ते खरं वाटतं, स्वतः अहमदनगरच्या किल्ल्यात दिवस काढलेला माणूस होता तो. कायदा एका वर्षापुरता होता. मुदत वाढवत वाढवत तो १९६९ अखेरपर्यंत चालला. त्याला पहिलं मोठं आव्हान दिलं कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी, मद्रासच्या तुरुंगातून, आणि सुप्रीम कोर्टानं १९५० मध्येच एक कलम वगळता कायदा वैध ठरवला, न्यायमूर्ती फझल अली यांनी वेगळं मत नोंदवलं.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या भारतीयांना आसाम-बंगालमधून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, बायका-मुलं म्हातारे सगळे. गुन्हा एकच, चेहरा. अमेरिकेनं १९४२ मध्ये जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना असंच छावण्यांत डांबलं होतं, त्यांनी १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. देवळीबद्दल आपल्याकडे चर्चाच फार कमी होते. आणि ही देवळी म्हणजे तीच, जिथे इंग्रजांनी १९४१ मध्ये जयप्रकाश नारायण यांना ठेवलं होतं.

मग १९७१ चा मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, आणि २५ जून १९७५ ची रात्र. जयप्रकाशांना परत उचललं, या वेळी दिल्लीतून आणि आपल्याच सरकारनं. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या आकड्यांनुसार आणीबाणीत मिसाखाली ३४,९८८ लोक आत होते आणि भारत संरक्षण नियमांखाली आणखी ७५,८१८. महाराष्ट्रात येरवडा, नाशिक, ठाणे भरून गेले, समाजवादी, संघवाले, सर्वोदयी एकाच बराकीत, 'मिसाबंदी' हा शब्द मराठीत तेव्हाच रुजला. कायद्यात दुरुस्ती करून कारण सांगायचीही गरज काढून टाकली. बंगळूरच्या जेलमध्ये अभिनेत्री स्नेहलता रेड्डी दम्यानं हैराण होत होत्या, जानेवारी १९७७ मध्ये तब्येत पार गेल्यावर सोडलं आणि काही दिवसांतच त्या वारल्या.

नऊ हायकोर्टांनी म्हटलं की आणीबाणी असली तरी माणूस बेकायदा धरलाय का हे आम्ही तपासू. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी अ‍ॅटर्नी जनरल नीरेन डे यांना सरळ विचारलं, एखाद्या पोलिसानं खासगी वैरातून कुणाचा जीव घेतला तर? उत्तराचा अर्थ असा होता की आणीबाणी आहे तोवर दाद नाही. २८ एप्रिल १९७६ ला निकाल आला, चार विरुद्ध एक, सरकारच्या बाजूनं. एकटे खन्ना विरोधात. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातल्या चौघांत वाय. व्ही. चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये हा निकाल चुकीचा होता असं लिहिणाऱ्या खंडपीठात त्यांचे चिरंजीव.

हेबियस कॉर्पस बंद पडणं म्हणजे प्रत्यक्षात काय हे केरळच्या पी. राजनच्या गोष्टीतून कळतं. कालिकतच्या इंजिनीअरिंग कॉलेजचा विद्यार्थी, मार्च १९७६ मध्ये पोलिसांनी नेला. वडील वर्षभर मंत्र्यांचे, अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. आणीबाणी उठल्यावर लगेच त्यांनी हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला, माझा मुलगा हजर करा. सरकारला हजर करताच आला नाही, कारण तो पोलिस छावणीतल्या मारहाणीत कधीच गेला होता. त्या प्रकरणात करुणाकरन यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. जो प्रश्न महिनाभरात सरकारला उत्तर द्यायला लावतो तोच प्रश्न आधी वर्षभर विचारायची सोय नव्हती!

१९७७ मध्ये जनता पक्षाचे जे लोक सत्तेत आले त्यातले बरेच जण मिसात राहून आलेले. मिसा त्यांनी रद्द केला हे खरंच, पण तशीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत घालायचं बिलही त्यांनीच आणलं होतं, ओरड झाल्यावर मागे घेतलं. आणीबाणीत तिहारमध्ये राहिलेले चरणसिंग पंतप्रधान असताना १९७९ मध्ये काळाबाजारवाल्यांसाठी स्थानबद्धतेचा वटहुकूम निघाला. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्यावर रासुका, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा, त्यात बारा महिने. १९८१ मध्ये महाराष्ट्राचा एमपीडीए, आधी झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थवाले यांच्यासाठी, मग त्यात 'धोकादायक व्यक्ती' आल्या, वाळू तस्कर आले, यादी वाढतच गेली. जम्मू-काश्मीरचा पीएसए, म्हणजे सार्वजनिक सुरक्षा कायदा, १९७८ मध्ये शेख अब्दुल्ला मुख्यमंत्री असताना लाकूड तस्करांसाठी म्हणून आला, आणि २०१९ च्या सप्टेंबरात त्याच कायद्याखाली त्यांचा मुलगा, तीनदा मुख्यमंत्री झालेले फारूख अब्दुल्ला, स्वतःच्या घरात स्थानबद्ध झाले.

जनता सरकारनं एक काम मात्र मनापासून केलं, १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती. तिच्यामुळे आता आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येत नाही, हे लागू आहे. त्याच दुरुस्तीत तिसरं कलम होतं, मंडळाच्या संमतीशिवाय ठेवायची मुदत तीन महिन्यांवरून दोन, आणि सल्लागार मंडळाचा अध्यक्ष हायकोर्टाचा विद्यमान न्यायाधीशच हवा. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली, फक्त लागू कधी करायचं ती तारीख केंद्र सरकारनं ठरवायची होती. खुद्द जनता सरकारनं ती ठरवली नाही. स्वतः रासुकाखाली आत असलेले धनबादचे खासदार ए. के. रॉय यासाठी सुप्रीम कोर्टात गेले, तर १९८१ च्या डिसेंबरात बहुमतानं निकाल आला की सरकारला तारीख ठरवायला आम्ही भाग पाडू शकत नाही. त्यानंतर काँग्रेसची सरकारं आली, जनता दलाचं आलं, भाजपची आली, यातल्या कितीतरी मंत्र्यांनी आपण मिसात कसे होतो हे भाषणांतून सांगितलं. ती अधिसूचना काढायला संसदेत मतदान लागत नाही, दोन तृतीयांश बहुमत लागत नाही, राजपत्रात एक ओळ लागते. ती ओळ अजून छापलेली नाही.