कोइमतूरहून पुण्याला जुनी फियाट आणताना: आधी एनओसी, मग ट्रक

परराज्यातली जुनी गाडी आवडली, जाऊन चालवून पाहिली, टोकन दिलं, की माणूस पहिला फोन ट्रान्सपोर्टवाल्याला करतो. मीही तेच केलं. १९६८ची फियाट ११०० डिलाइट, कोइमतूरच्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली गाडी परत महाराष्ट्रात आणायची, म्हणजे साधारण बाराशे किलोमीटर. ट्रकवाला म्हणाला, "परवा लोड करू." त्याच संध्याकाळी पुण्यातल्या माझ्या मेकॅनिकने फोनवर विचारलं, "एनओसी आली का हातात?" एनओसी म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला तिकडच्या आरटीओने द्यायचा ना-हरकत दाखला. नव्हती आली. ती यायला पुढे चार महिने लागले. गाडी यायला सहा दिवस.

गाडी इकडे आली आणि तिकडच्या आरटीओचं काम राहिलं, तर फार अवघड होतं. तिकडे गाडी समक्ष दाखवायला सांगितलं किंवा चासी नंबरचा पेन्सिल ठसा पुन्हा मागितला, तर बाराशे किलोमीटर उलटं कोण जाणार? आणि एकदा पूर्ण पैसे मिळाले की विकणाऱ्याचा कागदांतला रस कसा आटतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणून टोकन द्या, पण शेवटचा मोठा हप्ता एनओसीला बांधून ठेवा आणि तसं विक्रीच्या करारात लिहून घ्या.

विकणाऱ्याच्या बाजूचे कागद

सगळ्यात आधी आरसी बुक मागा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते पाहा. जुन्या गाड्यांत निम्मी भानगड इथेच असते. माझ्या गाडीचं आरसी वडिलांच्या नावावर होतं, ते वारलेले, आणि विकत होता मुलगा. कायद्याने मालक गेल्यावर वारसाने तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. प्रत्यक्षात पोर्चमधल्या गाडीची आठवण कोणाला होते? त्यामुळे आधी मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, बाकीच्या भावंडांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, मग मुलाच्या नावावर गाडी, आणि मग एनओसी. माझ्या चार महिन्यांतले अडीच यातच गेले, कारण एक बहीण सिंगापूरला होती.

आरसीवर बोजा आहे का तेही बघा. १९७०च्या दशकात बँकेचं कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर ती नोंद अजून तशीच असू शकते. ती काढायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पत्र नव्या बँकेकडून आणावं लागतं, आणि तिथल्या काउंटरवरच्या मुलीला पन्नास वर्षांपूर्वीच्या कर्जाचं काय सांगायचं, हे तुम्हीच ठरवा.

तिसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. जुन्या नोंदी कागदी रजिस्टरात असतात, 'वाहन' या आरटीओच्या संगणक प्रणालीत नसतात. 'परिवहन' संकेतस्थळावर नंबर टाकून माहिती आली नाही, तर आधी त्या आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. आणि नोंद झाली तरी ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो. तो नंबर चालू आणि अद्ययावत असायला हवा.

एवढं झालं की एनओसीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २८. सोबत आरसी, विमा, पीयूसी, चासीचा पेन्सिल ठसा, राहिलेली चलनं आणि कर भरल्याच्या पावत्या. गाडी चोरीची नाही, हेही पोलिसांच्या नोंदीवरून तपासलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत एनओसी द्यायची किंवा नाकारण्याचं कारण कळवायचं, असं बंधन आहे. अर्जाची पोच म्हणूनच जपून ठेवायची.

आणि एनओसी कुठल्या आरटीओच्या नावाने हवी, हे अर्ज भरण्याआधीच विकणाऱ्याला लिहून पाठवा. 'पुणे' म्हटलं की समोरचा एमएच १२ निवडतो. तुमचा पत्ता निगडीचा असेल तर तुमचं ऑफिस एमएच १४, पिंपरी-चिंचवड. चुकीच्या ऑफिसची एनओसी घेऊन खिडकीवर उभं राहण्यासारखं दुःख नाही.

फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे) वर विकणाऱ्याच्या सह्या त्याच भेटीत घेऊन ठेवा, जादा प्रतींसह. मालकी बदलल्याचं विकणाऱ्याने दुसऱ्या राज्याच्या बाबतीत ४५ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. गाडी ताब्यात घेतल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा. त्या वेळेनंतर गाडीचं जे होईल ते तुमच्या नावावर.

व्हिंटेज की साधी नोंदणी?

हा निर्णय गाडी निघायच्या आधी घ्या, कारण पुढची फाइल त्यावर ठरते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी; चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. फियाटला आतून मारुतीचं इंजिन बसवलेलं असेल (असल्या गाड्या पुष्कळ आहेत) तर हा रस्ता विसरा. अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत विमा आणि जुनं आरसी. आयात केलेली गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद. राज्याने नेमलेली समिती गाडी तपासते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, प्रमाणपत्र १० वर्षांचं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. जुन्या तीन अक्षरी नंबरावर जीव असलेल्यांना ही मोठी सोय आहे.

अट मात्र अशी की व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, यांसाठी जाणं-येणं, एवढंच. पुढे विकली तर विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही ९० दिवसांत परिवहन विभागाला कळवायचं.

मला दर रविवारी गाडी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत न्यायची होती. म्हणून मी साधी नोंदणी निवडली आणि जुना नंबर सोडला. १९८२ची पद्मिनी वगैरे घेणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. ५० वर्षं भरली नसतील तर साधीच नोंदणी. तिथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. २० वर्षांवरच्या मोटारीसाठी ते शुल्क २०२५ मध्ये वाढून १०,००० रुपये झालं. गाडीची मुदत मधेच संपलेली असेल तर नूतनीकरण तिकडे करायचं की इकडे, हे दोन्ही ऑफिसांत विचारून मगच पुढे जा.

आता ट्रक

गाडी चालवत आणायचा मोह होतो. मुदत संपलेली नोंदणी, नसलेला विमा आणि अनेक वर्षं न फिरलेले टायर घेऊन महामार्गावर उतरू नका. ट्रकवर चढवली की ती रस्त्यावरची गाडी राहत नाही, माल होते. त्यामुळे मालाचेच नियम लागतात.

पहिला प्रश्न: उघडा कॅरिअर की बंद कंटेनर? उघडा स्वस्त. पण मडगार्डचा पत्रा जुना आहे, काचेचं रबर कडक झालंय, आणि जून ते सप्टेंबरमध्ये गाडी येणार आहे, तर बंद कंटेनरचे जास्तीचे पैसे द्या. गोव्याकडच्यांसाठी जाता जाता: कोकण रेल्वेने २०२५च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा रो-रोवर, म्हणजे वाहनं लादून नेणाऱ्या रेल्वेवर, खासगी मोटारी नेल्या. नवी गाडी असेल तर मजा आहे. श्रावणसरींत उघड्या वॅगनवर १९६८चा पत्रा मी ठेवणार नाही.

दुसरा प्रश्न: मध्ये गाडी दुसऱ्या ट्रकवर बदलणार का? बऱ्याचदा बंगळूरच्या यार्डात बदलतात, आणि प्रत्येक बदलाला एक नवा ड्रायव्हर तुमच्या गाडीत बसतो. स्टीअरिंगवरचा गिअर आणि चोक त्या पोराने आयुष्यात पाहिलेला नसतो. मी एका पुठ्ठ्यावर गिअरची आकृती काढून, हिंदीत आणि तमिळमध्ये दोन ओळी लिहून डॅशबोर्डला चिकटवली होती. गाडी चालू स्थितीत नसेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. विंच (गाडी वर ओढून घेणारं यंत्र) नसलेला ट्रक आला की मग टोचन लावून ओढणं सुरू होतं, आणि टोचन कुठे अडकवायचं यावर वाद.

लोड करण्याआधी पेट्रोल चार-पाच लिटरच ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, व्हील कॅप आणि अँटेना काढून सोबत न्या, डिकीतला जॅक आणि स्टेपनी बांधून ठेवा. ब्रेकचे व्हील सिलिंडर गळके असतील तर हँडब्रेकवर विसंबू नका, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायला सांगा. पट्टे चाकांवरूनच आवळायचे. माझ्या गाडीला त्यांनी पट्टा पुढच्या बंपरच्या ब्रॅकेटला अडकवला. पुण्यात उतरवली तेव्हा डावीकडचा बंपर बोटभर पुढे आला होता.

तो बंपर कोणाच्या माथी मारायचा हे बिल्टी, म्हणजे वाहतूकदार देतो ती मालाची पावती, ठरवते. म्हणून चढवण्याआधी गाडीभोवती फिरून सलग व्हिडिओ काढा आणि जुने पोचे, ओरखडे, मीटरचा आकडा बिल्टीवरच लिहून घ्या. मालवाहतूकदाराची जबाबदारी २००७च्या रस्ता वाहतूक कायद्याने आणि २०११च्या नियमांनी ठरते. तुम्ही मालाची जास्त किंमत लेखी जाहीर करून जास्तीचा दर भरला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. दावा लावायच्या आधी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीसही द्यावी लागते. म्हणून ट्रान्झिट विमा वेगळा घ्या, आणि वाहतूकदार "आमच्याकडे इन्शुरन्स आहे" म्हणाला तर पॉलिसीची प्रत मागा, त्यात गाडीचा नंबर आणि रक्कम पाहा. रक्कम ठरवताना एक नियम कामाला येतो: पाच वर्षांवरच्या आणि बंद झालेल्या मॉडेलची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणजे "जुनी गाडी, वीस हजार लावतो" म्हणणाऱ्या एजंटशी बोलायला जागा आहे. मूल्यांकनाचा दाखला जोडा.

ई-वे बिलाचा, म्हणजे माल नेताना जीएसटीसाठी काढायच्या ऑनलाइन कागदाचा, प्रश्न ट्रकवाला काढतोच. जीएसटी नोंदणी नसलेल्या खासगी मालकाकडून तुम्ही स्वतःसाठी घेतली आणि तुमचीही नोंदणी नसेल, तर ई-वे बिल ऐच्छिक आहे. डीलरकडून घेतली तर बिल आणि ई-वे बिल दोन्ही त्यानेच द्यायचं. ड्रायव्हरकडे आरसी, विमा, विक्रीचा करार आणि तुमचं ओळखपत्र यांच्या झेरॉक्स द्या. मूळ आरसी आणि एनओसी कधीही गाडीबरोबर पाठवू नका, ग्लव्ह बॉक्समध्ये तर नाहीच. ते तुमच्या हातातल्या पिशवीत.

इकडच्या आरटीओत

साध्या नोंदणीच्या फाइलीत मूळ आरसी, एनओसी, फॉर्म २७ (नव्या नंबरासाठी), २९, ३०, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा (पॅन नसेल तर) फॉर्म ६०, चालू विमा, पीयूसी, चासीचा ठसा. त्यावर महाराष्ट्राचा कर आणि १५ वर्षांवरच्या गाडीला लागणारा पर्यावरण कर. विमा तुमच्या नावावर करून घेतलेला असावा, नाहीतर खिडकीवरून परत. परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपर्यंत जुन्या नंबरावर ठेवता येते, असं सांगणारे भेटतील. ते खरं आहे, पण मालकी बदलाचे ३० दिवस त्याने थांबत नाहीत.

तपासणीला गाडी समक्ष न्यावी लागते. मी ती स्थानिक फ्लॅटबेडवर नेली. निरीक्षकांनी बॉनेट उघडलं, चासी नंबरावरचा रंग नखाने खरवडला, आरसीशी अंकनअंक जुळवून पाहिला आणि विचारलं, "विकणार का?" नव्या नंबराची उच्च सुरक्षा पाटी लागली. जुनी तमिळनाडूची, हाताने रंगवलेली पाटी डिकीत आहे. ती गाडीवर लावायची नाही, एवढं मला दोनदा बजावून सांगण्यात आलं.