मांजर चार पायांवर पडतं, म्हणून उघडी बाल्कनी चालते?

"मांजराला काही होत नाही, ते चार पायांवरच पडतं" हे ऐकून ऐकून लोक बाल्कनी बिनधास्त उघडी ठेवतात, पण हे अर्धंच खरं आहे. हवेत अंग वळवून पाय खाली आणायची सवय मांजरात उपजत असते हे बरोबर, पण पायांवर पडलं तरी धक्का जातो कुठे? पाय मोडतात, हनुवटी आपटून जबडा आणि टाळू फाटतो, छातीला मार बसून फुफ्फुसाभोवती हवा साठते आणि बाहेरून जखमसुद्धा दिसत नाही. न्यूयॉर्कच्या 1987 च्या अभ्यासात उंचावरून पडलेली 132 मांजरं होती, उपचार झालेल्यांपैकी 90 टक्के वाचली, हा आकडा सगळे सांगतात, पण जी जागीच गेली ती दवाखान्यात आणलीच नव्हती ना!

आणि मांजर उडी मारत नाही हो, पाखरामागे झेपावताना कठड्यावरून घसरतं. ऊन-वारा जरूर द्या, फक्त बाल्कनी वरपासून खालपर्यंत जाळीने बंद करा. मच्छरदाणीची जाळी नको, ती नखांनी फाटते. वेल्डेड तारेची घ्या, आणि पिल्लाचं डोकं जाईल एवढी फट कोपऱ्यातही ठेवू नका.