म्हशींची सुकी वैरण

म्हशींची सुकी वैरण : धान्य काढल्यावर उरणारी धाटे, पाने, भुसा व भुसकट यांवर म्हशी पोसण्याची उष्ण कटिबंधातील पद्धत. महाराष्ट्राच्या पठारावर ज्वारीचा कडबा, कोकण-गोव्यात भाताचा पेंढा, पंजाब-हरियाणात गव्हाचा भुसा आणि ऊसपट्ट्यात वाढे (उसाचे शेंडे) ही मुख्य वैरण होय. तूर, हरभरा, सोयाबीन यांचे भुसकट जोडीला देतात. त्यात प्रथिने तृणधान्याच्या काडापेक्षा जास्त असतात.

पेंढ्यात व कडब्यात कच्ची प्रथिने (नत्रावरून मोजलेली एकूण प्रथिने) साधारण ३ ते ४ टक्केच असतात. कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांना तंतू पचवण्यासाठी नत्र लागते. वैरणीतील प्रथिने सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की पचन मंदावते, पोट रिते होत नाही आणि जनावर खाणेच कमी करते. म्हणून गव्हाण भरलेली असूनही म्हैस खंगते. गाईपेक्षा म्हैस भरड चारा चांगला पचवते, असे मत रूढ आहे. पोटात चारा अधिक काळ राहणे व शरीरात तयार होणाऱ्या युरियाच्या रूपातील नत्र पुन्हा वापरले जाणे ही त्याची कारणे सांगतात. मात्र हा फरक मुख्यतः निकृष्ट वैरणीवर दिसतो. चांगल्या खुराकावर तो फारसा उरत नाही.

सुमारे ४५० किलो वजनाच्या दुभत्या म्हशीला दिवसाला १२ ते १३ किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातील पाणी वगळून उरणारा भाग) लागतो. कडबा ६ किलो, हिरवा चारा १८ ते २० किलो व दुधाच्या मानाने ४ किलोपर्यंत आंबोण (पेंड, भरडा यांचा खुराक), असा मेळ बसतो. अख्खी पेंढी टाकली तर म्हैस पाने ओरबाडते आणि धाटे चघळ (खाऊन उरलेली वैरण) म्हणून दावणीत राहतात. कडबाकुट्टीवर २ ते ४ सेंमी. तुकडे केल्यास ही नासाडी टळते. भाताचे मात्र वेगळे आहे : त्याच्या पानात सिलिका (वाळूतील न पचणारे खनिज) खोडापेक्षा जास्त असल्याने पाला निवडून खाल्ल्याने लाभ होत नाही. पेंढ्यातील ऑक्झॅलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे कॅल्शियमही नीट लागू पडत नाही, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नये.

युरिया प्रक्रिया : काड अल्कलीत (आम्लाच्या उलट गुणाच्या दाहक द्रावणात) मुरवण्याची कल्पना जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुढे आली, त्यासाठी कॉस्टिक सोडा वापरत. गोठ्यात टिकली ती युरियाची रीत. १०० किलो सुक्या पेंढ्याला ४ किलो युरिया सुमारे ४० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडतात, प्रत्येक थर पायाने दाबतात आणि प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद करून २१ दिवस ठेवतात. युरियापासून सुटणारा अमोनिया तंतूंची घट्ट बांधणी सैल करतो; प्रथिनांचे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास जाते. नीट मुरलेला पेंढा पिवळसर तपकिरी व मऊ होतो आणि त्याचा दर्प नाकाला झोंबतो. दर्प नसेल तर कागद फाटून वायू निसटला असे समजावे. तेथे बुरशी धरते. पाणी कमी पडल्यास प्रक्रिया अर्धवट राहते. युरियाचे खडे राहिल्यास विषबाधा होऊन जनावर दगावू शकते. चारण्यापूर्वी वैरण काही तास पसरून वारा द्यावा, प्रमाण हळूहळू वाढवावे. ६ महिन्यांखालील रेडकांना ती देऊ नये.

देगनाला रोग : भाताच्या पेंढ्यावरील म्हशींत, विशेषतः हिवाळ्यात, हा रोग आढळतो. पंजाबातील (आता पाकिस्तानात) देग नाल्याच्या परिसरावरून हे नाव पडले. पहिल्या नोंदी बहुधा १९३० च्या दशकातील आहेत. पाय सुजतात, कानांची व शेपटीची टोके काळी पडून सुकतात, पुढे खूरही गळून पडते. कारणाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार जमिनीतून पेंढ्यात उतरलेले सेलेनियम याला जबाबदार आहे; सेलेनियमच्या जुनाट विषबाधेतही खूर व केस गळतात, हा त्याचा आधार. दुसरे मत पेंढ्यावरील फ्यूझेरियम बुरशीच्या विषांकडे बोट दाखवते. ही विषे टोकाकडील बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे रक्त न पोचलेला भाग मरतो. पावसात भिजलेल्या पेंढ्याशी असलेला संबंध आणि वैरण बदलताच सुरुवातीची लक्षणे थांबणे पाहता बुरशीचे मत अधिक पटते. काही भागांत सेलेनियमचा वाटा असू शकेल. काळा पडलेला भाग मात्र पूर्ववत होत नाही.

त्यामुळे पेंढा भिजू नये म्हणून त्याची गंज (रास) उंचवट्यावर, बुडाशी लाकडे घालून रचावी. आतून ऊब लागणाऱ्या, काळे ठिपके पडलेल्या पेंढ्या बाजूला काढून खतात टाकाव्यात. असा पेंढा बसायला अंथरू नये; म्हैस रात्री अंथरूणही खाते.