फेरारी ३७५ एमएम स्कालिएत्ती कूपे (रोसेलिनीची गाडी)

चेसी (म्हणजे गाडीचा सांगाडा) नंबर ०४०२ एएम. १९५४ ची ही फेरारी जगात एकच आहे, म्हणजे ३७५ एमएम मॉडेलच्या इतर गाड्या आहेत पण ही बॉडी दुसऱ्या कुठल्याच गाडीवर नाही. पहिला मालक इटालियन सिनेदिग्दर्शक रॉबेर्तो रोसेलिनी. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शन-स्पर्धेत हिला 'बेस्ट ऑफ शो' मिळालं, आणि १९५० पासून चालू असलेल्या त्या स्पर्धेत फेरारीला हा मान मिळायची ती पहिलीच वेळ होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बनलेल्या गाडीला सुद्धा १९६८ नंतर तो मिळालाच नव्हता, दरवर्षी युद्धाआधीच्या गाड्याच बाजी मारायच्या.

मूळ ३७५ एमएम ही सरळसरळ रेसिंगची गाडी. एमएम म्हणजे मिले मिलिया, इटलीच्या साध्या रस्त्यांवरून त्या काळी होणारी हजार मैलांची रेस. फेरारीचा इंजिनियर ऑरेलिओ लाम्प्रेदीने डिझाईन केलेलं ४५२२ सीसीचं, बारा सिलिंडरचं व्ही१२ इंजिन, ताकद ३४० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि ब्रेक मात्र ड्रमचे! १९५३ मध्ये बेल्जियममधली स्पाची २४ तासांची रेस याच मॉडेलने मारली. असली गाडी रोज शहरात चालवायला कोण घेईल, पण रोसेलिनीला वेगाचं वेडच होतं, तो स्वतः १९५३ च्या मिले मिलियात फेरारी घेऊन उतरला होता. (हाच रोसेलिनी १९५६ च्या शेवटी नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आला आणि मुंबईत सोनाली दासगुप्ताबरोबरच्या प्रेमप्रकरणामुळे पेपरांत गाजला.)

०४०२ एएम त्याच्याकडे आली तेव्हा ती गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्या पिनिन फरीना कंपनीची स्पायडर, म्हणजे बिनछताची उघडी गाडी होती. ती त्याने ठोकली, आणि दुरुस्त करून परत तशीच घ्यायच्या ऐवजी मोडेनाच्या सर्जिओ स्कालिएत्ती या बॉडी बनवणाऱ्या कारागिराकडे पाठवून वर पक्क्या छताची बंद कूपे बॉडी चढवायला सांगितली. स्कालिएत्ती ड्रॉइंगवर फार विसंबायचा नाही, वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून ठोकत ठोकत नजरेने आकार काढायचा. तोपर्यंत त्याचं काम मुख्यतः रेसच्या गाड्यांचं, त्यामुळे रस्त्यावर चालवायची कूपे स्वतःच्या डोक्याने घडवायची एवढी मोठी संधी त्याला इथे मिळाली, आणि पुढे फेरारीच्या कितीतरी गाजलेल्या बॉड्या त्याच वर्कशॉपमधून निघाल्या. माझ्या मते या गाडीचं खरं मोल इथे आहे, रोसेलिनीच्या नावापेक्षाही जास्त.

रोसेलिनीनंतर गाडी सिसिलीत गेली, तिथून पॅरिसच्या एका संग्राहकाकडे. तिथे ती खोलली गेली आणि पार्ट सुटे करून बेसमेंटच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे माजी प्रेसिडेंट जॉन शर्ली यांनी ती विकत घेतली आणि अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बुच डेनिसन यांच्या वर्कशॉपमध्ये रिस्टोअर करून घेतली. खोललेली गाडी रिस्टोअर करणं हे चालू गाडीपेक्षा कितीतरी अवघड, कारण कुठला तुकडा कुठे बसतो हे सांगणारी गाडीच समोर नसते, आणि हिच्यासारखी दुसरी कुठेच नाही म्हटल्यावर बघून करायला नमुना पण नाही, जुने फोटो आणि हाताशी असलेले पार्ट यांच्यावरच भिस्त.

'ओरिजिनल' म्हणजे काय हा वाद अशा गाडीवर होणारच. फॅक्टरीतून निघाली ती स्पायडर, मग परत स्पायडर का नाही केली? पण ती बॉडी पहिल्याच मालकाने त्याच काळात काढून टाकली, पुढचं सगळं आयुष्य गाडीने कूपे म्हणूनच काढलं, तेव्हा ती पुसून आधीचं रूप आणणं म्हणजे स्कालिएत्तीचंच काम मोडीत काढणं झालं असतं. शर्लींनी कूपेच राखली हे अगदी योग्य केलं.

एक घोळ मात्र सगळीकडे होतो. हिलाच 'इन्ग्रिड बर्गमनची फेरारी' म्हणतात, आणि नटी बर्गमन तेव्हा रोसेलिनीची बायको असल्यामुळे ते खरं पण वाटतं. पण बर्गमनच्या नावाने ओळखली जाते ती ३७५ एमएम वेगळी, चेसी नंबर ०४५६ एएम, बॉडी पिनिन फरीनाची आणि १९५४ च्या पॅरिस मोटर शोमध्ये मांडलेली. फोटो बघताना बॉडी कुणाची ते आधी बघायचं, पिनिन फरीनाची कूपे असेल तर ती रोसेलिनीची ही गाडी नव्हे.